बिनकाट्याची अंबाडी

"मॅडम, इथं एक, इथं एक, अन् ह्या दोन पानांवर खाली," हवालदार पुंगळे म्हणाले. जीपच्या बॉनेटवर त्यांनी चार कोरे कागद पसरले होते आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर आपली टोपी ठेवली होती.

मी सह्या केल्या. वै. रा. ढगे, कृषी सहायक, तारीख. बॉनेट इतकं तापलं होतं की मनगट टेकवता येईना, त्यामुळे शेवटची सही जरा तिरकी गेली. माझ्यानंतर तलाठी कुलथे यांनी केल्या आणि पेन खिशाला अडकवत विचारलं, "किती वेळ लागेल हो? बाराला माणसं बोलावलीत मी."

"अर्धा तास. आत जायचं, बघायचं, भायेर यायचं. बाकीचं मी लिहितो निवांत."

याला चौदा वर्षं झाली. मार्च महिना होता आणि मी तांबरखेडला नोकरीला होते. पोलिसांना छापा घालायचा असला की दोन पंच लागतात, आणि पंच म्हणून सरकारी नोकर बरे पडतात. ते पुढं उलटत नाहीत. ठाण्यातून आमच्या कार्यालयात फोन यायचा आणि त्या वेळी जो टेबलावर सापडेल तो जीपमध्ये बसायचा. त्या दिवशी मी सापडले.

छापा कशाचा, ते निघताना कळलं होतं. "गांजा," पुढच्या सीटवरून सहायक निरीक्षक उंबरकर मागे न वळता म्हणाले होते. "शेतातला नाही. खोलीतला, दिव्यांवर वाढवलेला. आपल्या जिल्ह्यातली पहिली केस आहे ही."

उंबरकर तिशीचे, नगरकडचे. पंधरा दिवसांपूर्वीच ते शहरात दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. बंद खोलीतली लागवड कशी ओळखावी, याचा तिथं मिळालेला छापील कागद त्यांनी चार घड्या घालून हातात धरला होता.

जागा होती गावाच्या टोकाचं सरकीच्या पेंडीचं जुनं गोदाम. बाहेर तीस-चाळीस माणसं जमली होती, बायका जास्त. दाराच्या पायरीवर डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती. शिपायानं तिला उठायला सांगितलं, तेव्हा ती आम्हाला जाण्यापुरती बाजूला सरकली. उठली नाही.

आत गेल्यावर एक काळा पडदा, दोन हातांवर दुसरा काळा पडदा, आणि त्याच्यामागे एवढा पिवळाजर्द उजेड की मी डोळ्यांवर हात धरला. छताला सोडियमचे चार दिवे टांगलेले, रस्त्याच्या खांबांवर असतात तसले, भंगारातून आणलेले. त्यांचे चोक घूं घूं करत होते. भिंतींना थर्माकोल आणि त्यावर पोळ्या गुंडाळायचा चांदीसारखा कागद चिकटवलेला. एका कोपऱ्यात कुलरचा उघडा पंखा हवा बाहेर फेकत होता. दाराजवळ फळीवर मीटर आणि चोवीस तासांचा टायमर. खाली ओळीनं तेलाचे पंधरा किलोचे डबे, अर्धे कापलेले, बुडाला भोकं पाडलेली. डब्यांत माती नव्हती. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि धुतलेली वाळू होती. आणि प्रत्येक डब्यात माझ्या छातीला लागेल एवढं एक झाड. सरळसोट, हिरवंगार, पंजासारख्या पाच बोटांची, कडेनं कातरलेली पानं.

क्षणभर मलाही तो गांजाच वाटला. गांजा मी पुस्तकात पाहिलेला. चित्रातलं पान असंच होतं.

दोन शिपायांच्या मधे निवृत्ती खिल्लारे उभा होता. चाळिशीचा, हडकुळा, शर्टाच्या खिशात टेस्टर. गावात वायरमनचं काम करायचा. आमच्या कार्यालयातला पंखा त्यानंच दोनदा दुरुस्त केला होता. मला पाहून त्यानं मान हलवली, जणू मी सहज घरी आले होते.

उंबरकरांनी कागद उलगडला आणि एकेक वाचायला सुरुवात केली. "खिडक्या कायमच्या बंद. आहेत. उजेड झाकायला काळे पडदे. आहेत. जादा ताकदीचे दिवे. टायमर. मातीऐवजी कोकोपीट. हवा खेचणारा पंखा. अवाजवी वीजबिल." त्यांनी खिशातून बिलाचा कागद काढला. "साडेचार हजार. एका महिन्याचं. सातपैकी सात. काय पिकवतोस रे इथं?"

"अंबाडी," निवृत्ती म्हणाला.

शिपाई हसले. उंबरकर हसले नाहीत. "भाऊसाहेब, अंबाडीची जुडी काय भावानं मिळते?"

"पाच रुपये," कुलथे म्हणाले. "कधी सात."

"पाच रुपयांच्या भाजीला साडेचार हजारांची वीज? वर दिवे, काथ्या, गोदामाचं भाडं?"

"तोट्यात हाय, साहेब. मला ठावं हाय ते," निवृत्ती म्हणाला. "तोटा करायला बंदी हाय का?"

"नीट बोल."

"नीटच बोलतोय."

आता मला बोलायला हवं होतं, कारण झाडं ओळखायचा पगार तिथं फक्त मी घेत होते. "साहेब, अंबाडीचं पान दिसायला हुबेहूब गांजासारखं असतं," मी म्हणाले. "फरक ओळखणं अगदी सोपं आहे. अंबाडीच्या खोडाला बारीक काटे असतात. हात फिरवला की टोचतात."

आणि मोठ्या ऐटीत मी जवळच्या झाडाच्या खोडावरून खालून वर तळवा फिरवला.

खोड गुळगुळीत होतं.

मी दुसरं पाहिलं. तिसरं पाहिलं. ओल्या वेतावरून हात फिरवावा तसं.

"टोचलं?" उंबरकरांनी विचारलं.

"नाही."

"गांजाला काटे असतात?"

"नसतात."

"झालं तर मग." त्यांनी कागदाची घडी घातली. "पुंगळे, मोजा डबे."

माझे कान गरम झाले. तेवढ्यात निवृत्ती हसला. मोठ्यानं, खरंखुरं हसला. शिपायानं त्याचा दंड आवळला तरी त्याला हसू आवरेना. "मॅडम, त्येच तर!" तो म्हणाला. "ते काटे घालवाया माझी नऊ वर्सं गेली, अन् आज तुमी म्हंता काटे दावा! माय, ए माय! आत ये. हात दाव मॅडमला."

पायरीवरची म्हातारी पडदे बाजूला करत आत आली. गयाबाई तिचं नाव. कुणी अडवायच्या आत ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही तळवे उजेडात धरले. तळव्यांवर, बोटांच्या पेरांवर बारीक बारीक काळे ठिपके होते, शेकडो. काही कातडीखाली गेलेले, काहींवर घट्टा धरलेला.

"पन्नास वर्सं अंबाडीचा वाख काढला बाई म्या," ती म्हणाली. "पेंढ्या पाण्यात कुजवायच्या, साल सोलायची, वाख धुवायचा, वाळवायचा, मंग दोर वळायचा. काटा आत ऱ्हातो. निघत न्हाई. रातच्याला हात ठणकतो. माझ्या सासूचा हातबी असाच व्हता."

निवृत्ती बोलू लागला तेव्हा शिपायानं त्याला थांबवलं नाही. नऊ वर्षांपूर्वी त्याला एका बांधावर कमी काट्यांचं एक झाड दिसलं होतं. त्याचं बी त्यानं धरलं, लावलं, त्यातली गुळगुळीत झाडं निवडली, परत लावली. पण अंबाडीला फूल येतं ते दिवस लहान व्हायला लागले की, वर्षातून एकदाच. "वरसाला एक पिढी. चार पिढ्यांत च्यार वर्सं गेली, अन् माय सत्तरीला आली. तिला कव्हा दिसायचं? मंग म्या दिवसच बारीक केला. धा तास दिवा, चौदा तास अंधार. झाडाला वाटतं दिवाळी आली. आता वरसात तीन पिढ्या निगत्यात." अंधार मात्र पुरा लागतो, तो म्हणाला, फटीतून उजेड शिरला तरी फूल लांबतं, म्हणून दोन पडदे. आधी माती होती, तर मुळं कुजली आणि अख्खी पिढी गेली. मग काथ्या आणला. नुसता काथ्या पाणी धरून बसतो, म्हणून निम्मी वाळू. "वायरमनकीतलं निम्मं हितंच जातं, साहेब. म्या लपवलं न्हाई. कुणी इचारलंच न्हाई."

"कृषी खात्याला का नाही कळवलंस?" कुलथे म्हणाले.

निवृत्तीनं माझ्याकडे पाहिलं. "गेलतो की. दोन वर्सं झाली. मॅडमच व्हत्या. म्हणल्या, अंबाडीला योजना न्हाई."

मला ते आठवतही नव्हतं. पण मी तसंच म्हणाले असणार, याबद्दल मला काडीचीही शंका वाटली नाही.

"आठ दिस थांबा," निवृत्ती उंबरकरांना म्हणाला. "कळी धराय लागली हाय. फूल पिवळं येतंय, आत जांभळं. गांजाला असलं फूल येतंय का, पुस्तकात बघा."

"आठ दिवसांनी प्रेस येत नाही," उंबरकर म्हणाले, आणि लगेच आवाज बदलून, "वर सकाळीच कळवलंय मी. ते काही नाही. पुंगळे, लिहा. गांजासदृश वनस्पती, नग बेचाळीस."

"गांजासदृश?" मी विचारलं.

"सदृश लिहितोय ना, मॅडम. तुमच्याही मनाला टोचणी नको. नमुना प्रयोगशाळेत जाईल, त्यांचं ते ठरवतील."

"त्याला किती दिवस लागतात?"

"महिना. दीड महिना."

"आणि तोवर हे?"

"आत. या कलमाला जामीन सहजी नाही."

"मग अंबाडीसदृश लिहा," मी म्हणाले.

उंबरकरांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्ही पंच आहात. वकील नाही."

"मी सही करणार नाही."

"केलीय तुम्ही," ते शांतपणे म्हणाले. "चार ठिकाणी."

खोलीत चोक घुमत होते. मला त्या "केलीय तुम्ही"नंतर काही क्षण बाकीचं काही ऐकू आलं नाही. मग मी समोरच्या झाडाचं शेंड्याजवळचं एक पान खुडलं, तोंडात टाकलं आणि चावलं.

"अहो! मुद्देमाल आहे तो!"

दातांच्या मुळाशी झिणझिण्या आल्या. डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी आई भाजी निवडायला बसली की मी कोवळी पानं पळवायची, तीच चव.

"आंबट आहे," मी म्हणाले आणि दुसरं पान खाल्लं. मग एक रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसले. "गांजा असेल तर मला चढेल. अर्धा तास थांबू या. मी उठून नाचायला लागले तर घाला बेडी, यालाही आणि मलाही."

"ढगे मॅडम, उठा."

"घ्या ना, साहेब, तुम्हीही घ्या एक. कुलथे भाऊसाहेब?"

"माझा उपास आहे आज," कुलथे घाईनं म्हणाले.

"पुंगळे, तुमच्या घरी अंबाडी कशी करतात हो?"

हवालदार पुंगळे पन्नाशीचे, तिथून पाच कोसांवरच्या गावचे. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "कण्या घालून."

गयाबाईनं तोवर हात लांब करून एक पान तोडलं होतं. दातच चार उरलेले, ती ते हिरड्यांवर घोळवत होती. पडद्याच्या फटीतून एका बाईचं डोकं आत आलं. "दी बरं इकडं एक, गयामावशे." ती आत शिरली, तिच्यामागे आणखी तिघीजणी. "अगं, आंबटढाण हाय की!" "लसणाची फोडणी पायजे वर, बाकी काय न्हाई." शिपाई त्यांना ढकलायला गेले, पण बायकांना हात कसा लावायचा हे त्यांना कळेना. उंबरकर ओरडत होते, पुरावा नष्ट केल्याबद्दल एकेकीला आत टाकीन म्हणत होते, आणि बायका पाठ करून चावत होत्या. उंबरकरांचा मोबाईल वाजला. त्यावरचं नाव पाहून ते ताठ झाले. आत रेंज तुटत होती. ते पडदे सारत बाहेर गेले.

पुंगळे माझ्याजवळ आले. लिहायच्या फळीला चिमट्यानं लावलेले ते चार कागद त्यांनी माझ्या मांडीवर ठेवले.

"माझा चष्मा घरी राहिला, मॅडम," ते म्हणाले. "दिसंना मला. तुम्हीच लिहा."

चष्मा त्यांच्या खिशात होता. एक काडी बाहेर आलेली दिसत होती. मी काडीकडे पाहिलं. ते दिव्याकडे बघत राहिले.

"माझ्या सहीच्या वर?"

"सही तुमचीच हाय. वर काय लिहायचं ते मला कशाला इचारता?"

मी लिहिलं. खोली कशी होती, दिवे किती, टायमर कितीवर लावलेला, डब्यांत काय, झाडं किती. मग लिहिलं की ही झाडं अंबाडीची आहेत. मी कृषी पदविकाधारक असून नऊ वर्षं खात्यात आहे. खोडाला काटे नाहीत कारण ते निवडीनं घालवलेले आहेत, ही माहिती झाडांच्या मालकानं मला समक्ष दिली. मी दोन पानं चावून खाल्ली, चव आंबट लागली, मला कोणतीही नशा आली नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलं. चारही पानं सहीपर्यंत भरली. शेवटची ओळ सहीला टेकली, वर-खाली एक शब्द घुसवायलाही जागा ठेवली नाही.

कुलथ्यांना उशिरा लक्षात आलं. "अहो, माझीही सही आहे त्यावर!"

"मग वाचा."

त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. घाम पुसला.

"यात खोटं काय आहे, सांगा," मी म्हणाले.

त्यांनी बराच विचार केला. "खोटं नाही. पण मी काही खाल्लं नाही, तेवढं घाला."

समासात घातलं: दुसऱ्या पंचांनी उपास असल्याने चव घेतली नाही.

उंबरकर परत आले आणि पुंगळ्यांनी कागद त्यांच्या हातात दिले. ते वाचत गेले तसा त्यांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. "हे मी फाडून टाकीन."

"फाडा," मी उठून उभी राहिले. "एवढे लोक बघतायत. त्यांच्यासमोर फाडा."

"सरकारी कामात अडथळा आणताय तुम्ही. कळतंय का, याचे परिणाम काय होतील?"

"मी सरकारी कामच केलं. आज पहिल्यांदा केलं."

त्यांनी कागद फाडले नाहीत. तेवढे ते हुशार होते. त्यांनी दोन झाडं उपटून पिशवीत सील केली, निवृत्तीला अटक न करता रोज सकाळी दहाला ठाण्यात हजेरी लावायला सांगितली, आणि अहवाल येईपर्यंत गोदामाला सील ठोकायचा हुकूम दिला.

"सील करा, पर दिवे चालू ऱ्हाऊ द्या," निवृत्ती म्हणाला. त्या सबंध सकाळीत पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "कळीवर हायत, साहेब. पाणी मी भायेरून नळीनं सोडतो."

"सील म्हणजे सील." उंबरकरांनी स्वतः मेन स्विच खाली ओढला. चोक थांबले. आम्ही चाचपडत बाहेर आलो. कुलूप लागलं, लाख ओतली, ठसा उमटवला. निवृत्ती हे सगळं शेवटपर्यंत पाहत उभा राहिला. मग सगळ्यांसमोर उंबरकरांना म्हणाला, "म्हागल्या पिढीचं बी घरी हाय माझ्या. परत लावतो. परत च्यार म्हैन्यांनी या. फूल आल्यावर या."

अहवाल एकेचाळिसाव्या दिवशी आला. गांजा नाही. गोदाम उघडलं तेव्हा डब्यांत चाळीस काड्या उभ्या होत्या. निवृत्तीनं काड्या उपटल्या, काथ्या चाळला, धुतला, वाळवला आणि एक पिढी मागं जाऊन पुन्हा सुरुवात केली.

त्याच महिन्यात मला कारणे दाखवा नोटीस आली. पंच म्हणून बेजबाबदार वर्तन, मुद्देमालाची हानी, जमावास चिथावणी. चौकशीला आलेले अधिकारी रिटायरमेंटला टेकलेले, सज्जन गृहस्थ होते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "चार ओळींची दिलगिरी लिहून द्या, बाई. मी विषय मिटवतो. तुम्ही याआधीही पंच होतात ना?"

"होते."

"तेव्हा कधी हरकत घेतली नाहीत. मग याच वेळी काय झालं?"

हाच प्रश्न मला नवऱ्यानं विचारला होता, कार्यालयात सगळ्यांनी विचारला होता, आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती. खरं उत्तर कुणाला दिलं नव्हतं.

नऊ वर्षांत मी तेरा पंचनाम्यांवर सह्या केल्या होत्या. तेराही कोऱ्या कागदांवर. त्यातल्या एकाच वेळी मला कोर्टात साक्षीला बोलावलं. सोपान वाकळे नावाचा ट्रॅक्टर ड्रायव्हर होता. चोरीची तांब्याची तार त्याच्या गोठ्यातून काढली, असा गुन्हा. माझ्या सहीच्या वर काय लिहिलंय, ते मी कोर्टाच्या व्हरांड्यात पहिल्यांदा वाचलं. त्यात मी त्या गोठ्यात उभी होते. कडब्याखालून पोतं काढताना मी बघत होते. तो गोठा मी आजतागायत पाहिलेला नाही. सही मी ठाण्याच्या टेबलावर चहा पिताना केली होती. सरकारी वकिलांनी विचारलं, "हे सगळं तुमच्यासमोर घडलं?" मी म्हणाले, "हो." सोपानला दोन वर्षांची शिक्षा लागली. निकालाच्या दिवशी त्याची बायको व्हरांड्यात डबा घेऊन उभी होती, त्याला जेवण द्यायला. मी तिच्या शेजारून गेले आणि चारची बस पकडली.

गोदामात उंबरकर "केलीय तुम्ही" म्हणाले, तेव्हा मला माझंच ते "हो" ऐकू आलं होतं.

मी चौकशी अधिकाऱ्यांकडून कागद मागून घेतला आणि नोटिशीचं उत्तर तिथंच लिहिलं. दिलगिरी नाही. तेरा पंचनाम्यांची यादी, आठवतील तशा तारखा, गावं, गुन्हे, आणि खाली एक वाक्य: यांपैकी एकाही ठिकाणी काय घडलं ते मी पाहिलेलं नाही.

त्यांनी वाचून चष्मा काढला. "हे दिलंत तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

"वाचवा म्हणायला मी आलेच नाही, सर."

दोन वेतनवाढी रोखल्या आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला बदली झाली. मुलीची शाळा अर्ध्यात सुटली. नवरा वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलला. आमच्या खात्यातली माणसं मात्र पंच म्हणून गेली की कागद आधी भरून मागायला लागली, असं नंतर कुणी कुणी सांगत. सगळीच नव्हे, काहीजण.

निवृत्तीनं तिसऱ्या पावसाळ्यात दहा गुंठ्यांवर बिनकाट्याची अंबाडी पेरली. कापणीला त्यानं मला बोलावलं. गयाबाईनं ओढ्याच्या काठी बसून कुजवलेल्या पेंढ्या सोलल्या, हात पाण्यात बुचकळून तळवे पाहिले आणि म्हणाली, "टोचत न्हाई. पर वाख जरा कमी पडतोय रं हिला." निवृत्ती म्हणाला, "बरं. मंग आता वाख वाढवायचा." आणि दुसऱ्या दिवशी गोदामातले दिवे पुन्हा लागले.

सोपान वाकळे जामिनावर होता, त्याचं अपील जिल्हा न्यायालयात पडून होतं. माझ्या उत्तराची नक्कल त्याच्या वकिलांनी माहितीच्या अधिकारात मिळवली आणि मला पुन्हा साक्षीला बोलावण्याचा अर्ज केला. चार वर्षांनी समन्स आलं. मी गेले. सोपान मागच्या बाकावर बसला होता. केस पांढरे झाले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती.

पिंजऱ्यात उभी राहिल्यावर सरकारी वकिलांनी जुन्या साक्षीचा कागद माझ्यासमोर धरला. "तेव्हा तुम्ही शपथेवर सांगितलंत की तार तुमच्यासमोर निघाली. आज म्हणता, तुम्ही तिथं नव्हतात. म्हणजे तेव्हा तुम्ही शपथेवर खोटं बोललात, असं समजायचं का?"

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी हात वर करून वकिलांना थांबवलं. "बाई, याचं उत्तर दिलंत तर तुमच्यावरच खटला होऊ शकतो. विचार करून बोला."

"विचार झालाय," मी म्हणाले. "हो, खोटं बोलले. लिहून घ्या. आणि लिहिलेलं मला मोठ्यानं वाचून दाखवा, मग मी सही करते."

टंकलेखकानं लिहिलं. वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यानं "नजरचुकीने" असा शब्द घातला होता. तो मी काढायला लावला.